टिटवीच्या पोटातलं पाणी

दादा, आपलं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं. भेटायला येणारी माणसं मला विचारतात, शेवटचं काय बोलला गं तुझ्याशी, आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं सांगायचं तर तू म्हणालास, "बाय, तू दात उपट. टिटवीत नाक खुपसू नकोस," आणि फोन ठेवलास. मीही म्हटलं, ठेव. सकाळी पुन्हा करेलच, चहा झाला का विचारेल, आणि कालच्या भांडणाचं टोक पकडून पुन्हा सुरू करेल. गेला महिनाभर आपलं हेच तर चाललं होतं. सकाळी फोन आला खरा, पण तो वहिनींचा होता.

भांडण कशावरून, हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर तो हसेल. मुरुडहून परत येताना रेवदंड्याच्या खाडीत शिरताशिरता तुझी शिडाची बोट, टिटवी, कशावर तरी आपटली. डोल जाळ्यासाठी रोवलेला एखादा जुना खुंट असणार, वरून मोडलेला, पाण्याखाली लपलेला. धाडकन आवाज झाला, आपण दोघंही पुढे कोलमडलो, आणि माझ्या थर्मासचं झाकण खाडीला अर्पण झालं. शीड उतरवून तू इंजिन लावलंस तर टिटवी थरथरायला लागली. धक्क्यापर्यंत येईतो तळात थोडं पाणीही दिसलं. तू लगेच निकाल देऊन टाकलास: पाण्यातल्या पंख्याला मार बसलाय. मी म्हटलं, आवाज पुढून आला, पंखा मागे आहे. मार कीलला बसलाय.

तेव्हापासून तू पंखा आणि मी कील. एकदा तर वहिनींनी वैतागून फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "वन्सं, ह्यांना जेवू द्या, मग भांडा."

ज्यांनी टिटवी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, म्हणजे तुलाच ऐकवते, कारण तू तळाचा भाग नेहमी घाईत उरकायचास. कील म्हणजे तिच्या पोटाखाली बोल्टांनी टांगलेलं लोखंडाचं जड पातं. वारा शिडाला आडवा ढकलतो तेव्हा ते वजन तिला खालून धरून ठेवतं. म्हणून ती कलते, पण उलटत नाही. पंखा बिघडला तर शिडावर घरी येता येतं. कील निखळलं तर ती जागच्या जागी पालथी होते, आणि हे सांगायला सहसा कुणी उरत नाही.

आपण दोघंही आपापल्या धंद्याने बिघडलेली माणसं. तू उभा जन्म कंपनीत पंप आणि मोटारी सांभाळल्यास. थरथर म्हटली की तुझ्यासाठी फिरणारी वस्तू दोषी, चौकशी संपली. मी पालीत दातांचा दवाखाना चालवते. माझ्याकडे येणारा माणूस छातीठोकपणे सांगतो की हाच दात दुखतोय, आणि कितीदा तरी दुखणारा दात शेजारचा निघतो. त्यामुळे मी कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही. तुझ्याही नाही.

पण तुझा हट्ट नुसता धंद्यातून आलेला नव्हता, हे मला ठाऊक होतं. छातीचं ते दुखणं झाल्यापासून नीरज तुझ्या मागे लागला होता, बाबा, पुरे आता ती बोट. पुण्याहून दर रविवारी तो तुला हे फोनवर सांगायचा आणि दर रविवारी तू खाडीत असायचास. पंखा म्हणजे दोन दिवसांचं काम. कील म्हणजे टिटवी वर काढा, उचला, खालचं वजन उतरवा, म्हणजे अख्खा मोसम गेला. आणि एकदा वर काढलेली टिटवी नीरज पुन्हा पाण्यात उतरवू देणार नाही, ही तुझी खरी भीती. तू ते कधी बोलला नाहीस. मी कधी विचारलं नाही. आपण पंखा आणि कील म्हणत राहिलो.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी काशीनाथचा फोन आला. आपल्या टिटवीशेजारीच त्याची होडी नांगरलेली असते, त्यामुळे त्याचं लक्ष होतं. "ताय, भाऊंचे होरीत पानी भरतं," तो म्हणाला. "मी रोज काडतंय, पन रोज वारतंय. मना परवा मासलीला जावाचा हाय. आवशेच्या उधानाला वर घेतली तं घेतली, नाय तं बसल चिखलान."

मी नीरजला सांगितलं. तो बिचारा डोक्यावरचे केस उतरवून, पंचा लावून पडवीत बसला होता. म्हणाला, "आत्या, मी जातो." काशीनाथ फोनवरूनच ओरडला, "सुतकान होरीवर पाय ठेवाचा नाय! भाऊंचा पोरगा हाय म्हनून काय झाला?" आपले गुरुजी तिथेच होते. त्यांनीही मान हलवली. घराला दहा दिवसांचं सुतक. नीरजला नाही, वहिनींना नाही, कुणालाच नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताईंचं मात्र आज फिटलं. लग्न झालेल्या बहिणीला तीनच दिवस."

तुला आठवतं, बाबा गेले तेव्हा मी ह्याच नियमावरून किती तणतणले होते? तीन दिवसांत मला मोकळी करून टाकली होती, जा बाई पालीला, तू आता परक्या घरची. बापाचं दुःखसुद्धा मापून देता का, असं मी गुरुजींना विचारलं होतं आणि तू मला हाताला धरून विहिरीकडे घेऊन गेला होतास. तोच नियम आज पुन्हा समोर आला आणि मी उठून उभी राहिले. म्हटलं, परकी तर परकी. टिटवीवर मी जाते.

तुझ्या टिटवीला मी बुडू देणार नव्हते. एवढंच तेव्हा डोक्यात होतं, दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी अमावास्या होती, आणि अमावास्येची भरती भर दुपारी लागते. तू नेहमी म्हणायचास, क्रेन मागवायला आपण काय शहाणे लागून गेलो, समुद्र फुकटात उचलून देतो. मी तुझंच ऐकलं. उधाणाच्या पाण्यावर काशीनाथने टिटवी ओढत आणून जुन्या धक्क्याच्या भिंतीला लावली. मी पुढचे-मागचे दोर बांधले, भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे डबे ठेवून तिला किंचित भिंतीकडे कलवली, म्हणजे पाणी उतरल्यावर ती बाहेरच्या अंगाला पडू नये. हे सगळं तू शिकवलेलं. हात आपोआप चालत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि काशीनाथ माझ्याकडे न बघता दोर ओढत होता. नीरज सुतकी माणसासारखा दूर नारळाखाली उभा राहून सूचना देत होता. तुझा मुलगा शोभतो. एकही सूचना बरोबर नव्हती.

मग आम्ही पाणी उतरायची वाट पाहत बसलो.

ती वाट पाहताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी चरकले. नीरज पडवीत बसूनच सगळं ठरवून आला होता. पंख्याचं काम असेल तर टिटवी ठेवायची. मे महिन्यात लेकीला, ओवीला, घेऊन यायचं, तू तिला शीड शिकवणार होतास ते मी शिकवायचं. आणि कील गेलं असेल तर भंगारवाल्याला बोलवायचं. "आत्या, मोडलेली बोट दारात ठेवून आई रोज बघत बसणार का?" त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं.

महिनाभर मी कील कील म्हणून तुझं डोकं खाल्लं, आणि त्या धक्क्यावर बसून मी मनातल्या मनात म्हणत होते, पंखा असू दे. दादा बरोबर असू दे. आजवर मी तुझ्याशी कधी असं भांडले नव्हते, की आपणच हरावं म्हणून.

पाणी गुडघ्याएवढं उरल्यावर मी साडी खोचून खाली उतरले. आधी पंखा बघितला, कारण तुझा मान पहिला. त्याच्या मुळाशी नायलॉनच्या जाळ्याचा हा एवढा गुंता आवळून बसला होता. तो सुरीने कापून काढला. मग तुझी पद्धत केली. एक काठी टिटवीच्या अंगाला घट्ट टेकवून धरली, तिचं टोक पंख्याच्या पात्याला जेमतेम लागेल असं, आणि पंखा हाताने सावकाश फिरवला. पहिलं पातं काठीला घासून गेलं. दुसरंही घासून गेलं. तिसरं लागलंच नाही. काठी आणि त्या पात्यामध्ये पेराएवढी फट. मी पुन्हा फिरवून पाहिलं, तिसरं पातं मागे वाकलेलं होतं. पात्यांवर पान्याने टिचक्या मारल्या. दोन खणखणीत वाजली, वाकलेलं जरा बद्द वाजलं. शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, वरखाली हलवून पाहिला, त्याला मात्र खेळ नव्हता.

"वाकलंय!" मी ओरडले. "नीरज, पंखा वाकलाय!"

तो सुतक विसरून धक्क्याच्या कडेपर्यंत धावत आला. "म्हणजे बाबा बरोबर होते?"

"थरथरीच्या बाबतीत बरोबर होता."

"मी सांगत होतो ना, काशीनाथदादा? बाबा मोटारीच्या बाबतीत चुकणं शक्यच नाही." आणि दादा, तो रडायला लागला. तुझा तो एवढा मोठा मुलगा, अग्नी देताना डोळ्यांतून टिपूस न काढलेला, वाकलेल्या पंख्यासाठी धक्क्यावर उभा राहून हुंदके देत होता. काशीनाथ त्याच्या जवळ जाऊन उभा राहिला, पण सुतकामुळे हात लावला नाही. नुसता म्हणाला, "भाऊंचा डोका लय चालाचा. आमचे इंजिनाचा आवाज फोनवर आयकून सांगाचे, काय बिगारलंय."

मग मी कील पाहिलं. पाणी आता पुरतं उतरलं होतं आणि टिटवी आपल्या सगळ्या वजनानिशी त्या पात्यावर वाळूत उभी होती. पुढच्या कडेला खालच्या अंगाला खुंटाची खूण होती, लोखंडाला बसलेला खोलगट ठोसा. पण तेवढ्याने काही होत नाही. महत्त्वाचा तो सांधा, जिथे कील टिटवीच्या पोटाला मिळतं. मी चिखल पुसला, शेवाळ खरवडलं, नख फिरवून पाहिलं. सांधा बंद होता. केसही आत जाऊ नये असा.

"झाला तं," काशीनाथ म्हणाला. "पानी शाफ्टचे भोकातना येत असल. पंखा असा हलल्यावर कवरा सोसल तो?"

पटण्यासारखं होतं. तुझंही हेच म्हणणं होतं. मी थांबले असते तर कुणी काही बोललं नसतं. सगळे खूश होते, तू जिंकला होतास, टिटवी वाचली होती.

पण मला माझ्या खुर्चीतली माणसं आठवली. दाताला बारीक तडा गेलेला माणूस येतो आणि म्हणतो, डॉक्टर, सुपारी चावताना काही होत नाही, चावून तोंड उघडलं की मस्तकात कळ जाते. कारण दाबलं की तडा मिटतो. सोडलं की उघडतो. क्ष-किरणातसुद्धा दिसत नाही तो. आणि टिटवी आत्ता कीलवर उभी होती. तिने आपल्या वजनाने सांधा दाबून धरला होता. चावलेल्या दाताचा तडा मी बघत होते आणि म्हणत होते, दिसत नाही.

असल्या दाताला मी निळा रंग लावते. तडा असेल तर रंग त्यात शिरतो. रंगाची बाटली पालीत होती. मी नीरजला घरी पिटाळलं, म्हटलं, आईला विचार, कपड्यांना घालायची नीळ आहे का. तो नीळ घेऊन आला आणि हातात न देता धक्क्यावर ठेवून मागे सरला. आपली माणसं कुठल्या वेळी काय पाळतील, सांगता येत नाही.

मी वर चढले आणि तळाची फळी काढली. दादा, ती फळी तू बसवलेली, आणि ती नेहमी अडकायची. दर वेळी तुला हातोडी लागायची. त्या दिवशी ती सहज निघाली. कुणीतरी नुकतीच काढून पुन्हा बसवली होती. काशीनाथ पाणी काढायचा ते वरूनच, हातपंपाने; ती फळी तुझ्याशिवाय काढतं कोण? आत बोल्टांच्या रांगेवर मी बॅटरी मारली. मागच्या बोल्टांभोवती प्लास्टरला केसासारख्या रेघा उठल्या होत्या. तू त्या पाहिल्या होत्यास का? की तू पंप शोधायला फळी काढलीस आणि अंधारात तुला काहीच दिसलं नाही? हे मला आता कधीच कळणार नाही. त्या दिवशी तिथे गुडघ्यांवर बसून मी तुला मोठ्याने विचारलंही. काशीनाथला वाटलं मी त्याला हाक मारली.

आतलं पाणी उपसून कोरडं केलं, आणि बादलीभर पाण्यात नीळ कालवून बोल्टांवर ओतली. खाली उतरले. सांधा कोरडाच होता. मग डोलकाठीच्या टोकाला बांधलेला लांब दोर काशीनाथच्या हातात दिला. म्हटलं, भिंतीपासून बाहेरच्या अंगाला ओढ, हळूहळू, पाडू नकोस. त्याने ओढ दिली. टिटवी सूतभर हलली. मी सांध्याला डोळे लावून बसले होते. काही नाही.

"आता सोड."

त्याने दोर सैल सोडला. टिटवी भिंतीकडे परत टेकली, आणि त्या सांध्याच्या मागच्या टोकाला निळी रेघ उमटली. आधी दोरा, मग धार. कीलवरून ओघळून ती वाळूत उतरली.

मी तिकडे बघत बसले. मला वाटलं होतं, मी बरोबर ठरले की कुठेतरी थोडं तरी बरं वाटेल. काहीच वाटलं नाही. नुसती दमले.

काशीनाथने पाहिलं होतं. नीरज लांब होता, त्याला माझी पाठ दिसत होती. "काय झालं, आत्या?" त्याने विचारलं.

"बघतेय," मी म्हटलं.

काशीनाथ माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "ताय, तुमी बोलाल तसा. मी काय बोलत नाय."

दादा, तुला खोटं सांगत नाही, मी विचार केला. टिटवीजवळच्या वाळूवरून धक्क्यापर्यंत चालत येताना मी तोच विचार करत होते. सांगायचं, पंखाच होता. पंखा बदलायचा. नीरजला त्याचे बाबा बरोबर असलेले हवे होते. गेलेल्या माणसाला शेवटचं भांडण जिंकू द्यावं, असंच तर आपल्याकडे सगळे करतात. मग पुढे गुपचूप कधीतरी, कुठल्यातरी निमित्ताने मी कील बघून घेतलं असतं. पण ह्या "पुढे कधीतरी"मध्ये मे महिना येत होता, आणि मे महिन्यात सुकाणूवर ओवी बसणार होती.

कुणीही टिटवी घेऊन बाहेर जाणार असेल तर त्याला खरं माहीत असलं पाहिजे. हे मला शिकवलं कुणी? तूच. मी शाळेत असताना काकांच्या होडीतून तू मला पहिल्यांदा खाडीबाहेर नेलंस. मुलीला कशाला शिडाबिडाचं, असं आपल्या आत्या म्हणत होत्या. तू माझ्या हातात सुकाणू दिलंस आणि म्हणालास, "बाय, पाणी जसं आहे तसं बघ. तुला हवं तसं बघू नकोस." मी दवाखाना थाटला तेव्हा पहिला पेशंट म्हणून तू चौलहून एसटीने आलास. तुझा एकही दात दुखत नव्हता. माझी खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून आला होतास, आणि तरी मी तुझी एक दाढ किडलेली शोधून काढलीच. किती चिडला होतास तू! मी तेव्हाही तुला बरं वाटावं म्हणून खोटं सांगितलं नव्हतं. आता काय म्हणून सांगू?

तुझ्याकडून मी जे घेतलंय त्याचे आभार मानायचे राहून गेले. भावाचे आभार कोण मानतं? आज मानते.

नीरजला मी धक्क्यावरच सांगितलं. पंख्याचं बाबांचं बरोबर होतं, कीलचं चुकलं. सांधा सुटलाय. ही टिटवी अशी पाण्यात घालायची नाही. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मग संपलंच. उगीच नीळ घातलीस, आत्या." मी म्हटलं, "तुझ्या आईला मी सांगते. टिटवी आता तिची आहे."

घरी आलो तर वहिनी मागच्या पडवीत बसल्या होत्या, सुपारीच्या बागेकडे तोंड करून. समोर भेटायला आलेल्या बायका. तुला माहीत आहे, दहावा होईपर्यंत घर भरलेलं असतं आणि सगळे एकच बोलत असतात. देवमाणूस होता हो. कधी कुणाला दुखावलं नाही. कधी आवाज चढवला नाही. मी दारात उभी राहून ऐकलं आणि मनात म्हटलं, हे कुणाबद्दल चाललंय?

बायका गेल्यावर मी वहिनींसमोर बसले. पायाला चिखल, हाताला नीळ. त्या म्हणाल्या, "नीरज म्हणाला, पंखा मोडलाय. आता गप्प गप्प का आहे तो?"

"वहिनी, पंखा वाकलाय, ते खरं. पण कीलही सुटलंय. दादा महिनाभर सुटलेल्या कीलवर खाडीत जात होता." मी दम खाल्ला. "दादा चुकला, वहिनी. मी त्याला सांगत होते आणि तो ऐकत नव्हता."

मागे नीरज उभा होता. त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. दहाव्याच्या आत, त्या पडवीत, हे वाक्य बोलायची पद्धत नाही.

वहिनींचा चेहरा आधी आवळला, मग हळूहळू सुटत गेला. "महिनाभर?" त्या म्हणाल्या.

"महिनाभर."

"आणि मला सांगून जायचे, जरा पंप बघून येतो. पंप बघून येतो!" त्यांचा आवाज चढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चढला. "छातीवर एवढं होऊन गेलं, गोळ्या चालू, आणि हा माणूस तळ सुटलेल्या बोटीत जाऊन बसायचा? मी इथे जेवायची थांबायचे! अपशकुनी नाव ठेवू नका म्हटलं, ठेवलं. टिटवी! डॉक्टर म्हणाले चढउतार नको, तर हे डोलकाठीवर चढायला निघाले होते. कधी कुणाचं ऐकलं का ह्या माणसाने? तुम्ही सांगा वन्सं, कधी ऐकलं?"

"नाही ऐकलं."

"आई, हळू," नीरज म्हणाला.

"का हळू? माझा नवरा आहे तो." आणि त्या रडायला लागल्या, दादा. आतापर्यंत रडल्या होत्या तसं नाही, बायका आल्या की पदर लावून. भांडताना रडतात तसं. "इतके दिवस ही माणसं मला एका देवमाणसाची बायको करून ठेवतायत. मी बसलेय आपली मान खाली घालून. मला कळतच नव्हतं मी कुणासाठी रडतेय. असा कुणी माणूस माझ्या घरात राहतच नव्हता." त्यांनी माझा निळा हात धरला. सुतक मला लागलं असेल, लागू दे. "आज कुठे माझे हे घरी आले."

थोड्या वेळाने नीरजने भंगाराचा विषय काढला, बिचकत. वहिनींनी डोळे पुसले आणि मला विचारलं, "होतं का नीट ते कील?"

मी जे आहे ते सांगितलं. होतं. टिटवी वाडीत आणावी लागेल, उचलून धरावी लागेल, कील उतरवून बोल्ट नवे घालावे लागतील, आतलं तडकलेलं खरवडून पुन्हा भरावं लागेल. हा मोसम गेला. ओवीला ह्या मेमध्ये काही मिळणार नाही. आणि नंतर पुन्हा नीळ ओतून, दोर ओढून बघायचं. रेघ आली तर पुन्हा पहिल्यापासून.

"मग करा," वहिनी म्हणाल्या. "नीरज, तू आत्याच्या हाताखाली राहायचंस. आणि बाबांचं बरोबरच होतं, असं तिच्यासमोर म्हणायचं नाही. ते चुकले म्हणूनच नीट करायचंय."

पुढच्या भरतीला काशीनाथ तिला रस्त्याच्या बाजूला आणून देतो म्हणालाय. मी दवाखान्यात पेशंटना शनिवार-रविवार मिळणार नाही म्हणून सांगून टाकलं. कील उतरवल्याशिवाय मी थांबत नाही.

पण त्या संध्याकाळचं तुला सांगायचं राहिलं. नीरज चहा टाकायला आत गेला, आणि पडवीत आम्ही दोघीच उरलो. वहिनी म्हणाल्या, "त्या डोलकाठीचं तुम्हाला सांगितलंच नव्हतं मी." मी म्हटलं, "मुरुडला त्याने नांगर विसरून ठेवला, ते तुम्हाला कुठे माहीत आहे?" मग त्यांनी एक सांगितलं, मी एक सांगितलं. चहा आला, निवला, पुन्हा तापवून आला. आत समईजवळ तुझा हार घातलेला फोटो होता, आणि बाहेर पडवीत तुझी बायको आणि तुझी बहीण तुला नावं ठेवत, हसत आणि रडत, अंधार पडेपर्यंत बसल्या होत्या.